पायडल मोटारीचा दवाखाना

मागच्या अंकात माझ्या शेडमधल्या पायडलच्या मोटारीचा एक फोटो काय छापून आला, संपादकांनी पिशवीभर प्रश्न आणून दिले. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, पत्र्याची छोटी मोटार, आत पोरगं बसून पायांनी दांड्या पुढे-मागे ढकलतं आणि गाडी चालते. आळीत एखाद्याकडेच असायची आणि बाकीचे आपण एक चक्कर मिळेल या आशेवर ती मागून ढकलत फिरायचो, तीच ती. मी नाशिकला सातपूरच्या कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे-अवजारं बनवायच्या खात्यात होतो, रिटायर झाल्यावर अंबडला शेड घेतली आणि हे लचांड मागे लावून घेतलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, फक्त एरिया देतो.

काका, आम्ही लॅम रोडला एक जुना बंगला घेतला, त्याच्या आउटहाऊसमध्ये पत्र्याची पायडल मोटार सापडली. पत्रा गंजलाय, वरून हिरवा ऑइलपेंट मारलेला आहे, साडेतीन फूट लांब आहे. इंग्लंडची असेल का? आमचे मिस्टर म्हणतात ग्राइंडरला वायर ब्रश लावून सगळा रंग काढू, दहा मिनिटांचं काम आहे. — देवळाली कॅम्प

ताई, मिस्टरांना म्हणावं ग्राइंडर कपाटात ठेवा आणि कपाटाची किल्ली तुम्ही ठेवा.

दहा मिनिटांत रंग जातो हे खरंय, पण काय गेलं ते नंतर आयुष्यभर कळत नाही. मी स्वतः हे केलंय. पहिलीच गाडी होती, पंचवटीतल्या एका वाड्यातून आलेली, मी उत्साहात पार चांदीसारखा पत्रा काढला, झकास लाल रंग दिला, आणि मालक आजोबा घ्यायला आले ते आधी गुडघ्यावर बसून डॅशबोर्डच्या खाली बघायला लागले. म्हटलं काय शोधताय, तर म्हणाले, वडिलांनी ब्रशनं माझं नाव लिहिलं होतं इथे. मला ते दिसलंच नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं. पैसे दिले त्यांनी, गाडीही नेली, पण मला तो दिवस अजून आठवला की चहा कडू लागतो.

तर आधी फोटो काढा. वरून, खालून, सीट उलटी करून, चाकांच्या टोप्यांचे, टायरवर काही अक्षरं उठलेली आहेत का त्यांचे. मग सीटखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, चारशे नंबरच्या वॉटर पेपरला साबणाचं पाणी लावून रुपयाच्या नाण्याएवढी जागा हळू घासा. लासलगावचा कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी एकात एक वर्तुळं दिसतील, हिरवा, त्याखाली कदाचित निळा, त्याखाली अस्तर. अस्तराच्या लगेच वरचा रंग तो कारखान्याचा. वरचा हिरवा बहुतेक कुणीतरी घराच्या खिडक्या रंगवताना उरलेला मारलाय.

आता इंग्लंडची का? देवळालीला गोऱ्यांची छावणी होती, पारशी मंडळींची सॅनेटोरियमं होती, त्यामुळे तिकडे असं काही निघालं तर मला नवल वाटत नाही. तिकडची मोठी कंपनी म्हणजे लाइन्स ब्रदर्स, लाइन्स आडनावाच्या तीन भावांनी १९१९ मध्ये काढलेली, आणि तीन लाइन्स मिळून त्रिकोण होतो म्हणून मालाचं नाव ट्राय-अँग. लंडनमध्ये मर्टनला त्यांचा प्रचंड कारखाना होता, १९७१ मध्ये कंपनी बुडाली. त्रिकोणाचा शिक्का कुठे दिसतो का बघा. सगळे लोक ज्याच्यावर जीव टाकतात ती ऑस्टिन जे-४० मात्र तुमची नाही, ती सव्वापाच फुटांची असते, बॉनेट उघडतं, डिकी उघडते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो, टायर हवेचे. तिची गोष्ट मला फार आवडते. वेल्समध्ये बार्गोड म्हणून गाव आहे, तिथे कोळशाच्या खाणीत धूळ फुफ्फुसात जाऊन जे खाणकामगार जड कामाला निकामी झाले त्यांच्यासाठी १९४९ मध्ये हा कारखाना काढला, मोठ्या ऑस्टिन गाड्यांचा पत्रा कापून जे तुकडे उरायचे त्याच्यातून ही पोरांची मोटार बनायची, आणि १९७१ पर्यंत साधारण बत्तीस हजार गाड्या त्या माणसांनी बनवल्या. आज इंग्लंडात गुडवुडच्या ट्रॅकवर लहान मुलं त्याच गाड्यांची रेस लावतात.

एक फसवी खूण सांगून ठेवतो. नट इंची पान्याला बसतो म्हणजे गाडी विलायती, असं भंगारवाले सांगतात. आपल्याकडे मेट्रिकचा कायदाच १९५६ चा, त्याच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं इथलं सगळं इंचीच चालायचं. तेव्हा शिक्का नाही, अक्षर नाही, तर गाडी आपल्याच कुठल्या तरी पत्रेवाल्यानं बनवलेली आहे असं धरून चाला, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आमचे सासरे दोन महिन्यांपासून गॅलरीत बसून त्यांच्या लहानपणीची पायडल गाडी पॉलिश पेपरने घासतायत, सगळीकडे लाल-पिवळी पावडर असते. घरात चार वर्षांची मुलगी आहे. ते म्हणतात आम्ही याच गाडीत बसून मोठे झालो, काही होत नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. — इंदिरानगर

बाबा, मी तुमच्याच वयाचा आहे म्हणून स्पष्ट बोलतो, आजच्या आज थांबवा.

जुन्या रंगात शिसं असायचं, आणि नेमकं लाल, पिवळ्या, केशरी रंगात जास्त. पारंपरिक शेंदूर म्हणजे तरी काय, शिशाचाच ऑक्साइड, आणि तोच लोखंडाला गंज चढू नये म्हणून अस्तरात घालायचे. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर चालणार नाही असा नियम २०१६ ला झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याच्या आधीच्या कुठल्याही रंगाचा भरवसा धरायचा नाही. तुम्ही गाडीत बसलात तेव्हा रंग पत्र्याला चिकटलेला होता, आता तुम्ही त्याचं पीठ केलंय. ते पीठ फरशीवर, फरशीवरून नातीच्या हाताला, हातावरून तोंडात. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, ते मेंदूवर जातं आणि त्याची सुरक्षित पातळी अशी कुठलीच नाही.

आता काय करायचं ते सांगतो. गॅलरी झाडू नका, झाडलं की परत उडतं. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं दोनदा-तीनदा बदला, ती फडकी पिशवीत बांधून टाका, धुऊन परत वापरायची नाहीत. साधा घरातला व्हॅक्यूमही नको, तो बारीक धूळ मागून बाहेर सोडतो. घासताना घातलेले कपडे वेगळे धुवा. नातीला डॉक्टरांकडे नेऊन रक्तातलं शिसं तपासायला सांगा, साधी रक्ताची टेस्ट आहे, घाबरायला नको पण करा.

पुढचं काम घराबाहेर, खाली जाड प्लास्टिक अंथरून, पेंट रिमूव्हर लावून. हातमोजे आणि हवेशीर जागा पाहिजे, रिमूव्हर पण काही अमृत नाही. रंग फुगला की लाकडी पट्टीनं खरवडायचा, आणि जिथे घासावंच लागेल तिथे पाणी लावून घासायचं, कोरडं कधीच नाही. बत्तीनं किंवा ब्लो टॉर्चनं रंग जाळायचा तर विचारही नको, शिशाची वाफ होते. हे सगळं होईपर्यंत नातीनं गाडीला हात लावायचा नाही, तिला राग आला तरी चालेल.

आणि ज्यांना गाडी फक्त शोकेसमध्येच ठेवायची आहे, मूल बसणारच नाही, त्यांनी रंग काढूच नये. ओल्या कापडानं पुसून वर क्लिअर म्हणजे पारदर्शक लॅकर मारून शिसं आत बंद करून ठेवावं. कुठलीही गाडी माझ्याकडे आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, यात बसणार कोण? पुढचं सगळं त्या उत्तरावर असतं.

सर, मी डिप्लोमाला आहे. इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे सोड्याच्या पाण्यात वीज सोडून गंज काढायचा व्हिडिओ बघितला. आमच्याकडे स्टेनलेसची जुनी ताटं आहेत, ती प्लसच्या वायरला लावली तर चालतील ना? ती गंजत नाहीत म्हणून बरी असं वाटलं. — सातपूर

नाही चालणार. तुला वाटलं ते बरोबर दिशेनं वाटलं, पण तिथेच मेख आहे. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, प्लस टोकाला लावलं की ते पाण्यात उतरतं आणि त्याचं जे रूप तयार होतं ते कॅन्सर करणारं. पाणी पिवळं दिसायला लागतं, मग तू ते ओतणार कुठे, नासर्डी नदीत? साधं लोखंड घे, सळईचे तुकडे, जुना पत्रा, काहीही.

पद्धत अशी. प्लास्टिकचा ड्रम, लोखंडी नको. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. मीठ टाकायचं नाही, क्लोरीन निघतो. गंजलेला पार्ट काळ्या वायरला म्हणजे मायनसला, सळया लाल वायरला, आणि दोघं एकमेकांना अजिबात चिकटू द्यायचे नाहीत. उलटं जोडलंस तर सळई स्वच्छ होईल आणि तुझा पार्ट खाल्ला जाईल, माझ्या ओळखीतल्या एकानं हे करून दाखवलंय. बारा व्होल्टचा साधा जुन्या पद्धतीचा चार्जर बरा, नवीन स्मार्ट चार्जर समोर बॅटरी दिसली नाही तर चालूच होत नाहीत. सळया चारी बाजूंना लाव, कारण सळईच्या समोरची बाजूच नीट साफ होते, पाठ तशीच राहते. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, तेव्हा उघड्यावर, बिडी-सिगारेटवाले लांब, आणि वायरी काढायच्या आधी चार्जर बंद. अॅल्युमिनियम किंवा प्लेटिंग केलेला पार्ट त्यात टाकायचा नाही.

दुसऱ्या दिवशी काढशील तेव्हा पार्ट काळा निघेल, ब्रशनं धू, पुसून उन्हात वाळव आणि त्याच दिवशी प्रायमर मार. रात्रभर ठेवलास तर सकाळी पुन्हा केशरी पावडर तयार. आणि एक, जो पत्रा गंजानं खाऊन टाकलाय तो यानं परत येत नाही, भोक असेल तर गंज निघाल्यावर ते आणखी मोठं दिसेल, रडू नकोस, वीस किंवा बावीस गेजचा तुकडा कापून गॅस वेल्डिंगनं बसवता येतो. भोकावर नुसती लांबी म्हणजे पुट्टी भरून वर रंग मारणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, मासिक घरात पोरंबाळंही वाचतात.

भाऊ, मागचं एक चाक अॅक्सलवर मोकळं फिरतं, दुसरं घट्ट आहे. वेल्डरला सांगून दोन्ही पक्की करून घेऊ का? आणि टायरचं रबर कुठे मिळेल? — नाशिक रोड

थांबा हो! मोकळं चाक बिघडलेलं नाही, ते मुद्दाम तसंच केलेलं असतं. मोठ्या गाडीला वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून डिफरन्शियल असतो, एवढ्याशा गाडीत तो कुठून आणणार, म्हणून बहुतेक कारखान्यांनी सोपी युक्ती केली, एकाच चाकाला ताकद द्यायची आणि दुसरं मोकळं सोडायचं. दोन्ही वेल्ड केलीत तर सरळ रेषेत छान चालेल आणि वळताना एक चाक फरफटत जाईल, पोरगं दमेल, टायर झिजेल, आणि मग तुम्ही म्हणाल जुन्या गाड्या जड असायच्या. दर महिन्याला एकतरी अशी वेल्ड केलेली गाडी माझ्याकडे येते आणि मी ते वेल्डिंग कापत बसतो.

पण मोकळं असणं वेगळं आणि डुगडुगणं वेगळं. चाक धरून आडवं हलवा, लटलट करत असेल तर भोक अंडाकृती झालंय. लेथवाल्याकडे जा, भोक गोल करून त्यात गनमेटलचा किंवा नायलॉनचा बुश, म्हणजे छोटी नळी, दाबून घ्या, बाहेरून वॉशर आणि नवी स्प्लिट पिन. जुनी पिन वाकवून परत घालायची नाही, पाच-दहा रुपयांची गोष्ट आहे आणि त्याच्यावर मूल बसतं. अॅक्सलच्या मधल्या क्रँकलाही, म्हणजे वाकवलेल्या भागालाही बघा, दोन्ही दांड्या तिथे अडकतात, तिथली भोकंही अशीच झिजतात आणि खडखड आवाज येतो तो तिथूनच.

रबरासाठी मधे भोक असलेली भरीव रबरी दोरी मिळते, रिमच्या घेरापेक्षा थोडी जास्तच कापायची, आतून तार ओवून ताणून पक्की करायची, म्हणजे टोकं एकमेकांवर दाबून बसतात आणि सांधा उघडत नाही. नेमकी घेराएवढी कापलीत तर दोन महिन्यांत फट पडते. पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात बाबागाड्यांची चाकं ढिगानं मिळायची, महापालिकेनं २०१७ मध्ये तो उठवला तेव्हा शहर स्वच्छ झालं आणि माझं काम अवघड झालं. आता बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर चक्कर मारत राहायची, नशीब असेल तर मिळतं.

हबकॅपवरची क्रोम प्लेटिंग परत करून मिळेल का? — सिडको

पत्र्याचे किंवा पितळेचे असतील तर मिळेल, अंबड-सातपूरला प्लेटिंगवाले आहेत, पण एक-दोन नग म्हटलं की ते तोंड फिरवतात, म्हणून चार-पाच जणांचे पार्ट गोळा करून न्या. जस्ताचे ओतीव असतील आणि त्यांना पुरळ आल्यासारखे खड्डे असतील तर नाद सोडा. प्लेटिंगच्या आधी पॉलिश करून न्या, खड्डा असेल तर तो क्रोमखाली झाकला जात नाही, उलट चमकतो.

वडील एसटीत ड्रायव्हर होते. नातवासाठी साध्या पायडल गाडीला लालपरीचा लूक द्यायचाय, शिवाय बारा व्होल्टची मोटर बसवायची आहे. जुन्या गाडीशी असं करणं चूक आहे का? — आडगाव

अहो, चूक कसली, मला हा प्रश्न सगळ्यात आवडला. गाडी कुठल्या कंपनीची ते कळत नसेल, मूळ रंग आधीच कुणी घालवलेला असेल, तर ती तुमची, हवं ते करा. मूळ रंग शाबूत असेल तर मात्र हात लावू नका, दुसरी मोडकी बघा.

एसटीचा लाल हा आठवणीतून मिसळायचा नाही, डेपोत उभ्या असलेल्या गाडीचा उन्हातला आणि सावलीतला फोटो काढा आणि रंगवाल्याला दाखवा. मागची पाटी, नंबर, वडिलांच्या डेपोचं नाव हे स्टिकरनं करू नका, तुमच्या आडगावला ट्रक टर्मिनस आहे, ट्रकवर अक्षरं काढणारा पेंटर शोधा, त्याच्या हातात जो वळसा आहे तो कॉम्प्युटरमध्ये नाही. खिडक्या कापून काढल्यात तर पत्र्याच्या प्रत्येक कडेला रबरी बीडिंग पाहिजेच. हेडलाइटला एलईडी आणि पेन्सिल सेल घाला, सेलच्या डबीला स्क्रू हवा. बटण सेल मुळीच नको, मुलं गिळतात आणि ते फार वाईट असतं.

मोटर मात्र नको. ही गाडी पोराच्या पायाच्या वेगासाठी बनलीय, तिला ब्रेक नाही, पाय थांबले की गाडी थांबते हाच तिचा ब्रेक. मोटर लावलीत की पायडल आपोआप गरगर फिरतात, नडगीवर बसतात, आणि थांबवायचं कशानं? बटणावर पळणारी गाडी हवी तर बाजारात तयार मिळते, ती घ्या. लालपरी पायांनीच चालू द्या, हॉर्न मात्र मोठा लावा.

रंगाचं एक सांगायचं राहिलं, हे सगळ्यांसाठीच आहे. खाली सिंथेटिक इनॅमल म्हणजे ऑइलपेंट आणि वर डुको म्हणजे स्प्रेनं मारायचा, थिनरवर झटपट वाळणारा रंग असं करू नका, डुकोच्या थिनरनं खालचा रंग सुरकुततो आणि सगळं परत पत्र्यापासून. आधी काय मारलंय ते माहीत नसेल तर कोपऱ्यात थिनरचं बोट लावून बघा, रंग विरघळून बोटाला आला तर डुको, आणि फुगला-सुरकुतला तर इनॅमल. आणि हार्डनर मिसळून मारायचा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग घरी मारू नका, त्यात आयसोसायनेट असतं, कापडी मास्कनं थांबत नाही, दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागतो. त्यासाठी डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं बूथ आहे ना.

जुलैत डुको मारला, वाळल्यावर दुधासारखा पांढरट झाला. रंग डुप्लिकेट निघाला का? — गंगापूर रोड

रंग चांगला आहे, महिना वाईट आहे. थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि ते रंगात अडकतं. कोरड्या दिवशी वरून नुसत्या रिटार्डर थिनरचा, म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका हात मारून बघा, बऱ्याचदा साफ होतं. नाही झालं तर हजारच्या वॉटर पेपरनं घासून परत, पण आता दसऱ्यानंतरच. थंडीतही आपल्याकडे सकाळी दव असतं, अकरा ते चारमध्ये उरका.

आमच्याकडच्या गाडीची किंमत किती येईल? — बरेच जण

फोटोवरून मी किंमत सांगत नाही. विकायची असेल तर रंगवू नका, एवढंच सांगतो.

काका मी चौथीत आहे. आजोबांनी गाडी दुरुस्त केली पण माझे गुडघे स्टेअरिंगला लागतात. गाडी मोठी करता येते का? — पंचवटी

गाडी मोठी होत नाही रे बाळा, तूच झालास. पण एक बघ, पायडलच्या दांड्यांना एका ओळीत दोन-तीन भोकं आहेत का? असतील तर आजोबांना सांग पायडल सगळ्यात पुढच्या भोकात लावा, सीटला पण मागे सरकवायची भोकं असतात कधीकधी, तेवढ्यानं अजून एखादी सुट्टी निघेल. नसतील तर धाकट्या कुणाला तरी बसव आणि तू मागून ढकल. उतारावर नाही हं, सपाट गल्लीत. आणि आठवड्यातून एकदा चाकाच्या बुशला तेलाचे दोन थेंब, दोनच, नाहीतर सगळी माती चिकटून बसते.